हिला विचारून सांगतो

वरच्या खोलीची किल्ली जूनपासून आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकते आहे. पितळी, लहानशी, लाल दोरा बांधलेली. चहा करायला ओट्याशी उभा राहिलो की ती समोरच येते. ती मी एका मुलाच्या हातात द्यायला हवी होती. दिली नाही. त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. बायकोला सगळं सांगून झालं आहे. स्वतःला सांगायचं राहिलं आहे, आणि तेच जड जातंय.

आम्ही सुभानपुऱ्यात १९८६ सालापासून राहतो. त्याआधी दांडिया बाजारात, भाड्याच्या दोन खोल्यांत. आजोबा गायकवाडांच्या राज्यात कारकुनी करायला आले आणि आमचं घराणं बडोद्याचं झालं. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, हिशोब दोन्हींत. हाय टेन्शन रोडच्या आतल्या बाजूला जागा घेतली तेव्हा आजूबाजूला मोकळी मैदानं होती. पुढे वर एक खोली चढवली, न्हाणीघर जोडलं आणि नोकरीसाठी आलेल्या एकट्या मुलांना द्यायला लागलो. सात-आठ मुलं राहून गेली. काहींच्या लग्नाच्या पत्रिका अजून येतात. मी भाडूत ठेवताना कधी जात विचारली नाही, असं मी चारचौघांत सांगत असे, आणि ते शब्दशः खरं होतं. मला विचारावी लागली नाही, कारण मुलं दलालामार्फत यायची. चाळण त्याच्या हातात होती. मी फक्त चाळून आलेलं घेत होतो.

या वेळी मुलगा दलालाशिवाय आला. कुठून तरी कळलं म्हणून थेट बेल वाजवली. नांदेडकडचा, नंदेसरीच्या एका कारखान्यात नुकताच लागलेला. मराठी ऐकून मला बरं वाटलं. खोली दाखवली. नळ सोडून पाण्याचा जोर पाहिला, खिडकी उघडून वारा पाहिला, आणि म्हणाला, "काका, मला पसंत आहे." खाली येऊन चहा घेतला. डिपॉझिटचे पैसे त्याने शर्टाच्या खिशात, पांढऱ्या पाकिटात आणले होते. पाकिटाची एक कड खिशाबाहेर दिसत होती.

टेबलावर माझी वही आणि प्लेटोचं 'रिपब्लिक' उघडं पडलं होतं. येत्या रविवारी आमच्या ज्येष्ठांच्या मंडळात 'ग्रीकांचा न्यायविचार' यावर मला बोलायचं होतं. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून फिलॉसॉफी घेऊन बी. ए. झालो, नोकरी बँकेत केली, आणि निवृत्तीनंतर जुनी पुस्तकं पुन्हा काढली. मुलाने पुस्तक हातात घेतलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"प्लेटो! माणसांचे तीन गट पाडले तो ना? बाबासाहेबांनी खोडून काढलंय ते."

"कुठे?" मी खरोखरच विचारलं. मला माहीत नव्हतं.

"जातिनिर्मूलनाच्या पुस्तकात. चातुर्वर्ण्य का टिकणार नाही ते सांगताना प्लेटोचंच उदाहरण घेतलंय. माणूस एका खणात मावत नाही, असा मुद्दा आहे. वाचा तुम्ही, तुम्हाला आवडेल."

खोलीसाठी आलोय हे विसरून तो बोलत होता. अशा मुलाशी रोज संध्याकाळी गच्चीवर बोलायला मिळावं, असं मनात आलं. आणि त्याच श्वासात मी विचारलं, "आडनाव काय म्हणालास?"

तो काही म्हणालाच नव्हता. त्याने पुस्तक मिटलं, टेबलाच्या कडेला सरळ लावून ठेवलं आणि आडनाव सांगितलं. आवाज बदलला नाही. बदलला असता, तर त्याचा राग आला असं म्हणून मला सुटका मिळाली असती. मी कपबशी उचलत म्हणालो, "बरं. हिला विचारून सांगतो."

ही घरात नव्हती, भाजी आणायला गेली होती. तिला मी विचारलं नाही. रात्री मुलाला फोन करून सांगितलं, की आमची मुलगी पुण्याहून राहायला येणार आहे, त्यामुळे खोली द्यायची नाही. मुलगी येणार नव्हती. तो म्हणाला, "ठीक आहे काका." मी वर म्हणालो, "दुसरीकडे कळलं तर सांगेन हं." हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सफाईदार होतं.

रविवारी भाषण झालं. प्लेटोतली गायजीसच्या अंगठीची गोष्ट मी रंगवून सांगितली. लिडियाचा एक मेंढपाळ. भूकंपात जमीन दुभंगते, आत काशाचा पोकळ घोडा, घोड्यात प्रेत, प्रेताच्या बोटात सोन्याची अंगठी. अंगठीचं कोंदण तळहाताकडे फिरवलं की माणूस दिसेनासा होतो. मेंढपाळ राजवाड्यात शिरतो, राणीला वश करतो, राजाला मारतो, सिंहासनावर बसतो. ग्लॉकॉन सॉक्रेटिसला विचारतो, अशी अंगठी मिळाली तर न्यायी माणूस तरी न्यायी राहील का? माणसं न्याय पाळतात ती पकडली जाण्याच्या भीतीनेच ना? मी सभेला म्हणालो, 'रिपब्लिक'ची पुढची सगळी पुस्तकं म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर आहे. लोकांना आवडलं. त्या रात्री मला शांत झोप लागली. हे लिहिताना सगळ्यात जास्त भीती मला त्या झोपेची वाटते. अंगठी माझ्याजवळ होती. चार दिवसांपूर्वी मी ती फिरवली होती. कुणी पाहिलं नव्हतं, आणि मीही पाहिलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी हिने सहज विचारलं, "वरची खोली अजून का गेली नाही?"

मी म्हणालो, "एक मुलगा आला होता. तुला चाललं नसतं."

"मला? मला कधी विचारलंत?"

मग मी सगळं सांगितलं. ती गवार मोडत होती. ऐकता ऐकता हात थांबला. म्हणाली, "नाही म्हणायचं होतं तर स्वतःच्या नावाने म्हणायचं. माझं नाव कशाला घातलंत त्यात?" आणि परत गवार मोडायला लागली. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला इतक्या थोड्या शब्दांत कधी उभं केलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मुलाने सांगितलेलं पुस्तक शोधायला निघालो. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी बाबासाहेबांनी लिहिलेलं ते अध्यक्षीय भाषण. मंडळाला मजकूर पेलला नाही, परिषदच रद्द झाली, आणि बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापलं. पुस्तक मिळालं, आणि मुलाने सांगितलेली जागाही सापडली. प्लेटो म्हणतो, आत्म्याचे तीन भाग असतात: विचार करणारा, तडफेने उसळणारा आणि वासनांचा. नगराचेही तसेच तीन वर्ग: राज्य चालवणारे, लढणारे, आणि कष्ट व व्यापार करणारे. ज्याने त्याने आपापलं काम करावं, दुसऱ्याच्या कामात हात घालू नये, हाच न्याय. विद्यार्थी असताना ही आकृती मी किती प्रेमाने वहीत काढली होती! बाबासाहेब तिच्यावर बोट ठेवतात: माणसामाणसातलं वेगळेपण प्लेटोला दिसलंच नाही, प्रत्येक माणूस आपल्यापरी एकमेव असतो हे न पाहता त्याने सगळ्यांना मोजक्या खणांत भरलं. म्हणून प्लेटोचं नगर उभं राहू शकत नाही, आणि त्याच कारणाने गुणांवर आधारलेलं म्हणवणारं चातुर्वर्ण्यही नाही.

पन्नास वर्षांपूर्वी मी परीक्षेत 'प्लेटोची न्यायकल्पना' या प्रश्नावर भरभरून लिहिलं होतं. त्यात हे वाक्य नव्हतं, कारण तो प्रश्न मला कधी पडला नव्हता. ज्याला खण बाहेरून बंद केलेले असतात त्यालाच तो पडतो. मुलगा मला प्लेटो शिकवत होता, आणि मी त्याला त्याच क्षणी खणात टाकलं.

मग मी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलं. बडोद्यात इतकी वर्षं राहूनही वाचलं नव्हतं. गोष्ट ऐकून माहीत होती, पाठ होती म्हटलं तरी चालेल: सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेला गेलेले आंबेडकर, कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकून, कराराप्रमाणे संस्थानच्या नोकरीसाठी १९१७ मध्ये बडोद्याला परततात आणि त्यांना राहायला जागा मिळत नाही. पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव लिहून राहतात, दिवसाला दीड रुपया देऊन. वरच्या मजल्यावर मोडकं सामान कोंबलेलं अंधारं दालन, रात्री एक कंदील. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं येतात. संध्याकाळपर्यंत निघून जा.

इथपर्यंत मला माहीत होतं. इतरत्र हा प्रसंग वाचताना नेहमी काठ्याच दिसायच्या, आणि काठी माझ्या हातात कधीच नव्हती, त्यामुळे तो प्रसंग मला निर्धास्तपणे वाचता यायचा. पण पुढे आणखी एक पान आहे. बाहेर काढल्यावर बाबासाहेब दोन मित्रांना विचारतात. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्राला झाल्या प्रकाराचा खरोखर संताप येतो, पण तो म्हणतो की तुम्ही माझ्याकडे राहिलात तर नोकर सोडून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणतो, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावं लागेल.

मी पुस्तक पालथं ठेवलं. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. किल्ली समोर होती.

शंभराहून अधिक वर्षांचं अंतर, शहर तेच, वाक्यही तेच. ते दोघे वाईट नव्हते. बाबासाहेबांनीही त्यांच्यावर आग पाखडलेली नाही. इशारा समजून बाबासाहेब उठले. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आपल्या सयाजीबागेत, बसून काढले. काठी घेऊन आलेल्यांनी निदान आपल्या तोंडाने सांगितलं. या दोघांनी नोकरांच्या आणि बायकोच्या तोंडाने. मी बायकोच्या आणि मुलीच्या.

सॉक्रेटिसवर माझा लहानपणापासून जीव. अथेन्समध्ये तीस जुलमी सत्ताधाऱ्यांचं राज्य होतं, इसवी सनापूर्वी ४०४ च्या सुमाराला. त्यांनी सॉक्रेटिससह पाच जणांना बोलावलं आणि हुकूम दिला: सालामिसच्या लिऑनला पकडून आणा. लिऑन निरपराध होता, त्याला मारायचं होतं. चौघे गेले. सॉक्रेटिस घरी गेला. पुढे इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये स्वतःच्या खटल्यात त्याने हे सांगितलं: मला मरणाची पर्वा नव्हती, अन्याय हातून होऊ नये एवढीच पर्वा होती. हा प्रसंग मी मंडळात डोळे पाणावून सांगितला होता. आता रात्री पडल्या पडल्या वेगळंच मनात येतं. सॉक्रेटिस घरी गेला, पण लिऑनकडे गेला का? त्याला कुणी सावध केलं का? प्लेटो त्याबद्दल काही सांगत नाही. लिऑन मारला गेला. सॉक्रेटिसने हात स्वच्छ ठेवले, आणि त्या काळात त्यालाही प्राण पणाला लावावे लागले, हे मी विसरत नाही. त्याची माझी बरोबरी नाही. मी एवढंच पाहतोय, की हात स्वच्छ ठेवण्यालाच मी आयुष्यभर न्याय समजत आलो. लाच घेतली नाही, कुणाचं बुडवलं नाही, कुणाला जातीवरून घालूनपाडून बोललो नाही. मी घरी जाणारा माणूस. जूनमध्ये मात्र घरीसुद्धा गेलो नाही. मी त्या चौघांबरोबर गेलो.

सॉक्रेटिस म्हणत असे, जाणूनबुजून कुणी वाईट करत नाही. चांगलं काय ते खरोखर कळलेला माणूस तेच करेल. तसं असतं तर मला एवढंच म्हणता आलं असतं की मला कळलं नव्हतं. पण कळलं होतं. आडनाव विचारताना जीभ किंचित अडखळली, ती कळल्यामुळेच. ॲरिस्टॉटल इथे जास्त खरा वाटतो. कळत असूनही माणूस घसरतो, आणि सद्गुण हा माहितीचा नसून सवयीचा भाग आहे, असं तो सांगतो. घरं बांधून माणूस गवंडी होतो, न्यायाच्या कृती करून न्यायी होतो. मी हिशोब केला: आयुष्यात या एका बाबतीत न्याय करण्याची पाळी माझ्यावर किती वेळा आली? दलालाने ती येऊच दिली नाही. माझी सवय न्याय करण्याची झाली नव्हती, न्यायाबद्दल बोलण्याची झाली होती. मात्र याच ॲरिस्टॉटलने काही माणसं जन्मतःच गुलाम असतात असंही लिहिलं. इतका बारकाईने पाहणारा माणूस, आणि घरात पाणी भरणारा गुलाम त्याला दिसला नाही. हे म्हणताना मला त्याच्यापेक्षा उंच झाल्यासारखं अजिबात वाटत नाही.

'रिपब्लिक'च्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटी सॉक्रेटिस कोयत्याचं उदाहरण घेतो. वेली छाटायला दुसरंही पातं चालेल, पण त्यासाठीच घडवलेला कोयता ते सगळ्यात नीट करतो. ते त्याचं काम, आणि काम नीट होण्यासाठी लागते ती त्याची 'अरेते'. या शब्दाचं आपण 'सद्गुण' करतो, पण तो धारेच्या जास्त जवळचा आहे. आमच्या घरी आईची विळी आहे. फणस फोडून फोडून पातं मधे झिजलेलं, पण धार अशी, की ही अजून तिच्यावरच कोथिंबीर चिरते. आत्म्याचं काम जगणं, आणि न्याय ही त्याची धार. विळी वर्षभर माळ्यावर ठेवली तर ती गंजते, आणि हे तिला कळत नाही.

आत्म्याच्या तीन भागांपैकी कुठल्या भागाने माझ्याकडून हे करवलं, ते मी शोधून पाहिलं. वासनेने नाही, भाडं मिळालंच असतं, मुलगा सांगितलेल्या आकड्याला लगेच तयार झाला होता. रागाने नाही. तो मुलगा मला आवडला होता. उरला तो प्लेटोचा मधला भाग, पण रागावणारा नव्हे, मान-सन्मानासाठी तडफडणारा. जिन्यावरून तो जाताना शेजारी काय म्हणतील, सोसायटीच्या बैठकीत कुणी विषय काढेल का, नवरात्रात आपल्याकडे सवाष्ण म्हणून येणाऱ्या बायका काय म्हणतील. माणसं प्रत्यक्षात काय म्हणाली असती, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही, जसं हिलाही विचारलं नाही. आणि ज्याने राज्य करायचं तो विचार? तो या भीतीचा कारकून होऊन बसला होता. पुण्याची मुलगी, तिचं येणं, 'दुसरीकडे कळलं तर सांगेन', ही सगळी पत्रं त्यानेच सुवाच्य अक्षरात लिहून दिली. विचाराने वासनांना लगाम घालावा, असं प्लेटो सांगतो. माझा विचार घोड्यावर नव्हताच, तो दप्तरात होता.

ग्रीक भाषेत सदसद्विवेकाला जो शब्द पुढे आला त्याचा अर्थ 'आपल्याबरोबर जाणणं' असा आहे. म्हणजे मी केलं ते जाणणारा आणखी एक कुणी माझ्यातच. युरिपिडीसच्या नाटकात आईला मारून आलेला ओरेस्टिस आजारी पडलेला असतो. कसला रोग झालाय, असं विचारल्यावर त्याचं उत्तर असं, की मी काय केलंय ते मला कळतंय, हाच रोग. आपल्याकडे यालाच साक्षी म्हणतात. माझा साक्षी जूनमध्ये गप्प बसला. ऑगस्टमध्ये तो हिच्या तोंडून बोलला. मला स्वतःच्या आतून काही ऐकू आलं नाही, बाहेरून ऐकावं लागलं, हे इथे लिहून ठेवतो. उद्या मी ही गोष्ट 'मला उपरती झाली' अशी सांगायला लागलो, तर हा कागद माझ्याविरुद्ध असावा.

२३ सप्टेंबरला मी सयाजीबागेत गेलो. त्या दिवशी तिथे, बाबासाहेबांच्या त्या पाच तासांच्या आठवणीतल्या संकल्पभूमीवर, दूरदूरहून लोक येतात. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, खांद्यावर बसलेली पोरं. बरीच माणसं महाराष्ट्रातून आलेली; मागून येणारी मराठी माझ्या आईच्या मराठीपेक्षा वेगळी आणि तरी घरची होती. पुस्तकांच्या एका पथारीवर मुलाने सांगितलेलं ते पुस्तक मराठीत होतं. घेतलं. पैसे देताना विक्रेत्या बाईंनी सहज विचारलं, "कुठून आलात दादा?"

"इथलाच. सुभानपुऱ्याचा."

"मग बरंय. तुम्हाला जवळ आहे," त्या म्हणाल्या, आणि सुटे पैसे मोजून हातावर ठेवले. मला तिथे जास्त थांबता आलं नाही. सुभानपुऱ्याहून बाग रिक्षाने जेमतेम पंधरा-वीस मिनिटांवर आहे. तिथे पोहोचायला मला इतकी वर्षं लागली.

मुलाचा नंबर फोनमध्ये होता. नावाच्या जागी मी 'नांदेड खोली' एवढंच लिहिलेलं. त्याचं नाव त्याने बेल वाजवल्यावर लगेच सांगितलं होतं, ते मी टिपून घेतलं नव्हतं. आडनाव मात्र लक्षात होतं. नाव आठवायचा मी दोन दिवस प्रयत्न केला. आठवलं नाही.

परवा सकाळी फोन लावला. ही शेजारी मेथी निवडत बसली होती. तिच्यासमोरच बोलायचं, असं मी ठरवलं होतं. त्याने उचलला. मागे यंत्रांचा आवाज होता. मी म्हणालो, "सुभानपुऱ्यातून बोलतोय, जूनमध्ये तू खोली पाहायला आला होतास. मी तेव्हा खोटं बोललो. माझी मुलगी यायची नव्हती. घरात कुणाला मी विचारलंही नव्हतं. तुझं आडनाव ऐकून मी नाही म्हणालो." हे मी कागदावर लिहून ठेवलं होतं, तरी शेवटच्या वाक्याला आवाज फाटला.

थोडा वेळ नुसता यंत्रांचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "काका, मी ड्यूटीवर आहे."

"हो, हो. ठेव."

"काय म्हणाला?" हिने विचारलं.

"ड्यूटीवर आहे म्हणाला."

"नाव विचारलंत?"

मी नाव विचारलं नव्हतं.